रेघेच्या अलीकडे

साताऱ्याहून येणारी एसटी
आता उंब्रजचे उतारू सर्व्हिस रोडला सोडते.
कंडक्टर म्हणतो, "चला, पुढं या, घाई करा,"
आणि वरच्या भरावावरून
गाव न बघताच निघून जातात
बंगळूरचे कंटेनर.

मी उतरलो. काम काहीच नव्हतं.
निवृत्त माणसाला उतरायला काम लागत नाही,
गुडघे तेवढे लागतात.

थोडं आत गेल्यावर जुना रस्ता सापडला.
दुतर्फा वडांपैकी एक उरलाय,
बुंध्याला अजून चुन्याचा पट्टा,
पारंबीला सायकलचं टायर.
मैलाचा दगड आडवा पडलेला;
उसाचे कोयते घासून घासून
त्यावरचं पुणे कुणीतरी पार पुसून टाकलंय.

इथूनच मी एकदा मोजत गेलो होतो,
काखेत नकाशाची नळी,
सोबत शिपाई गेनू खिलारे.
गेनू प्रत्येक घरापुढं चपला काढायचा
आणि मग भिंतीवर गेरूची रेघ मारायचा.
अलीकडचं रस्त्याचं,
पलीकडचं तुमचं.
लोकांनी पाणी दिलं. एका घरात गुळही.
शिव्या फक्त एका मास्तरांनी दिल्या, शुद्ध भाषेत.
त्या मी टिपल्या नाहीत,
तसा रकाना नव्हता.

शिकलगारांचं घर अजून आहे.
म्हणजे अर्धं.
कोनाडा मधोमध कापलेला,
वासे तोडले तिथं पत्रा,
आत धार लावायचं चाक, कात्र्या, विळे,
आणि कडेला गॅसवर चहा.
वर पाटी: साडेसात.
एवढंच.

रुक्साना शिकलगार चाक थांबवून म्हणाली,
"बसा की. च्या टाकू?"
मी पाटीकडं बोट केलं.
"मोजणीवाला लिहून गेल्ता भितीवर, सात पूर्णांक पाच.
सासरं म्हनलं, ऱ्हाऊ द्या, पुसायचं न्हाई.
लोक म्हनत्यात, साडेसाती लागलीया का काय दुकानाला!
हसत्यात. पर हसायला तरी थांबत्यात."

चहात आलं जास्त होतं.

"मानूस गुनाचा हुता पर," ती म्हणाली,
"रेघ आमच्या चुलीवरनंच जात हुती.
सासू सांगायची,
त्यानं गुपचूप हातभर सरकवली."

मी काही सरकवलं नव्हतं.
मी नेमका माणूस.
फितीचा शून्य माझ्या अंगठ्याखाली असायचा,
रस्त्याच्या बरोबर मध्यावर,
आणि मी ओरडायचो, "किती?"
दुसरं टोक गेनूकडं.
तो सांगेल तो आकडा मी लिहायचो,
तीन तालुके, चार वर्षं,
एकदाही उठून पाहिलं नाही.

गेनू जाऊन अकरा वर्षं झाली.
त्याच्या हाताखालून
आणखी किती चुली निसटल्या,
कोण जाणे. नोंदवहीत तर सगळं बरोबर आहे.

तिनं विचारलं, "वळखत हुता का त्यास्नी?"
म्हणालो, "ऑफिसात होता एक. शिपाई."
पुढं काही सांगायचं होतं,
पण गिऱ्हाईक आलं, चार कोयते घेऊन,
आणि चाक फिरायला लागलं.

बाहेर आलो तर पायाला खडी टोचली.
चपला उंबऱ्याशी होत्या.
कधी काढल्या, आठवेना.

कराडची गाडी वरूनच गेली.
वडाखालच्या पोराला विचारलं,
खालनं जाणारी कधी आहे?
टायरवर झोका घेत तो म्हणाला,
"असती एक."