पुढे चाल

त्रेसष्ट सालची गोष्ट. बूट सात जोड्या.
अकरा पोरांत सात जोड्या कशा वाटायच्या
हा हिशेब माझ्याकडे.
मी बारावा. म्हणजे लिंबं कापायची, ब्लॅडर जपायचं,
आणि लाल बांधणीच्या रजिस्टरात
निळ्या शाईनं टिपायचं
गोल कुणाचा, कितव्या मिनिटाला,
कुणाचा अंगठा फुटला.

मुकर्रम आणि दिगंबर पुयड एकाच जोडीत खेळत,
उजवा याचा, डावा त्याचा.
पूर्ण्याच्या लोकोशेडमधल्या फायरमनचा एल्लय्या
बूट नकोच म्हणायचा,
पाय बहिरा होतो म्हणे.
गुरुचरणसिंग गोलात, पटका आवळून,
चेंडू आला की आधी शिवी, मग मुठी.

खेळाचे सर नव्हतेच कॉलेजात.
तर्कशास्त्राचे बिलोलीकर सर
धोतराचा सोगा खोचून शिट्टी फुंकत.
ऑफसाइड त्यांना शेवटपर्यंत पटला नाही.
'पुढं गेला, एवढाच गुन्हा?'

वजिराबादेत चाँदभाईच्या सायकल दुकानात
घमेल्यात ब्लॅडर बुडायचं, बुडबुडा निघायचा.
'मियाँ, इसमें हवा कम, थिगलेच जादा.'
त्या थिगळांवर आम्ही परभणीला चार मारले.
उदगीरला एक-एक, मग नाणं उडवलं,
नाणं आमचं होतं, यापुढं विचारू नका.
अंबाजोगाईला काळ्या रानाला भेगा,
चेंडू एका भेगेत गेला
आणि दोन्ही संघ वाकून बघत राहिले
विहिरीत बादली पडल्यावर बघतात तसे.

फायनल औरंगाबादला. दुपारी चार.
परतूरच्या अलीकडं गाडी उभी राहिली ती राहिलीच.
एल्लय्या उतरला, इंजिनापर्यंत गेला,
काळे हात घेऊन आला. 'इंजेक्टर गेला.'
दोन्हीकडं ज्वारी हुरड्यात आलेली,
कुणाला भूक नव्हती.

पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ.
मैदानावर फक्त चुन्याच्या रेघा दिसत होत्या.
ऑफिसच्या दारावर कागद:
'नांदेड संघ गैरहजर. यजमानांना पुढे चाल.'
कंदिलाच्या उजेडात मी तो उतरवून घेतला,
काना-मात्रेसकट.

पहाटे वसतिगृहाच्या ओट्यावर
कुणीतरी माझी चादर ओढली.
त्यांचा कप्तान, नेल्सन घोरपडे,
खांद्यावर बुटांचं पोतं.
'उठा की. असला कप घेऊन
रात्रभर डोळा लागला नाही.'

आयुष्यात पहिल्यांदा आमच्या सगळ्यांच्या
दोन्ही पायांत बूट. एल्लय्या सोडून.
पंच नाही, शिट्टी नाही.
बिलोलीकर सर भिंतीकडं तोंड करून चहा पीत बसले,
बघितलं असतं तर नियमानं थांबवावं लागलं असतं.
पुयड लंगडायला लागला तेव्हा
मुकर्रम मला म्हणाला, 'आता कामून बसलास?'
पंधराएक मिनिटं मी खेळलो.
चेंडू माझ्या पायाला तीनदा लागला.
तिसऱ्यांदा कुठं गेला ते मी पाहिलं नाही,
सगळे माझ्या अंगावर होते.

परतीच्या गाडीत सगळे म्हणाले, लिही.
मीच नाही म्हणालो. पंच नाही तर नोंद नाही.
बावीस वर्षांचा होतो, नियम नवेकोरे होते.

आता मुकर्रम फोनवर तीन-दोन सांगतो.
गुरुचरण म्हणतो, मी एकच खाल्ला, लिहून घे.
नेल्सन गेला त्याच्या आधीच्या नाताळात
कार्ड आलं होतं: 'जिंकलो आम्हीच, पण सकाळ तुमची.'
एल्लय्याला विचारायचं राहून गेलं.
त्याला नक्की ठाऊक असणार, तो कधी बोलायचा नाही.

रजिस्टर कसरीनं खाल्लंय.
ते शोधताना ट्रंकेच्या तळाशी
एक बूट सापडला, वादी तुटलेला,
टाचेला अजून चुना.
आमच्यातला नाही. आठ नंबर, डावा.
पार्सलनं पाठवायचा राहिला.