सात आणि सात

पन्नासच्या खाली जीप गरीब असायची.
पन्नासला सीटखालून थरथर सुरू,
पंचावन्नला आरशात सुवर्णदुर्ग दोन दिसायचे.
साठला मी कधी गेलेच नाही.

चार इंच उचलून आणली होती चिपळूणहून.
हर्णेच्या वाळूत पोट टेकायचं, म्हणून.
होड्या लागतात तिथवर बर्फ न्यायचा
तर भरतीचं पाणी ब्रेकात शिरायचं, म्हणून.
पोरांनी उचलून दिली, पैसे घेतले, फोटो काढला.
खाली वाकून कुणी बघितलं नाही.

अब्बास बुरोंडकर ट्रॉलरचे शाफ्ट लावतो.
जीपचं काम घेत नाही.
माझं घेतलं, कारण मागच्या उन्हाळ्यात
त्याच्या बहिणीच्या लग्नाचा बर्फ मी उधार दिला होता.

"होडीचा शाफ्ट एका रेषेत बसतो, हौशे.
केसाएवढा फरक पडला तर सगळं लाकूड बोलतं.
तुझ्या गाडीचा मात्र जन्मच वाकडा.
वाकडा चालेल.
पण दोन्हीकडे सारखा वाकडा पाहिजे."

मग जीपखाली सरपटत गेला, मलाही बोलावलं.
हाताने शाफ्ट फिरवला, अगदी सावकाश.
"बघ, सांधा वाकला की तो एका फेऱ्यात
दोनदा घाई करतो, दोनदा आळस.
पहिल्याची घाई दुसऱ्याने पोटात घालायची.
कोन सारखे असले तर घालतो.
नसले तर तुझ्या पाठीत घालतो."

लेकीच्या कंपासपेटीतला कोनमापक,
गवंड्याचा ओळंबा, कोळशाची एक रेघ.
जॅक लावू दिला नाही.
"चाकं जमिनीवर. आणि बर्फ भरून आण."
वीस लाद्या, भुसा, वर गोणपाट.
पाणी त्याच्या मानेवर ठिबकत होतं आणि तो मोजत होता:
पुढे दहा. मागे चौदा.

आणखीही निघालं.
शाफ्ट ताणून ताणून स्प्लाइन
फक्त दोन बोटं आत उरली होती.
एका मोठ्या खड्ड्यात बाहेरच आली असती,
करंज्याच्या वळणावर, लाद्यांसकट, माझ्यासकट.
आणि दोन्ही टोकांचे कान एका रेषेत नव्हते;
कुणीतरी ग्रीस भरून एक दात चुकवून बसवलेले.
त्याने होडीच्या निळ्या रंगाने खूण केली.
"पुन्हा कुणी खोललं तर ही खूण जुळव.
नाही जुळली तर पैसे देऊ नकोस."

गिअरबॉक्सखाली घातले जाड वायसर, तो खाली झुकला.
पाट्यांखाली पाचरी, त्याच्याच लेथवर काढलेल्या.
जाड बाजू कुठे, हे मी तीनदा विचारलं,
तिसऱ्यांदा तो हसला
आणि ओळंब्यालाच विचार म्हणाला.
लांब शाफ्ट दापोलीहून यायला नऊ दिवस.
त्या नऊ दिवसांत हातगाडी ओढली.

शेवटी पुन्हा वीस लाद्या, पुन्हा ओळंबा.
सात. त्याने पुसून परत मोजलं.
सात.
"हे उचलायच्या आधी मोजायचं असतं,"
एवढंच बोलला, आणि नमाजाला गेला.

आंजर्ल्याच्या पुलावर पंचावन्न. काही नाही.
साठ. डॅशबोर्डवरचं दहाचं नाणं
जिथे ठेवलं होतं तिथेच.
मी खिडकीची काच खाली केली, वर केली,
कान उगाच काहीतरी शोधत राहिले.

आड्याला आठ लाद्या उतरल्या, केळशीला बारा.
रिकामी परत येताना पन्नासला
पुन्हा आलीच ती, अगदी बारीक,
तापातून उठलेल्या पोराच्या हाताएवढी.
अब्बास म्हणाला होता,
रिकामी गाडी वर उठते, कोन थोडा बिघडतो;
भरलेलीसाठी बसवू की रिकामीसाठी, ते तू सांग.

मी भरलेली म्हटलं होतं.
येताना पंचेचाळीसने आले.