कोपऱ्यातली होडी

बँकेनं चित्र मागितलं तेव्हा माप आधी दिलं:
साडेआठ सेंटिमीटर रुंद, साडेपाचाला जरा कमी उंच,
कोपरे गोल.
"आपलं बंदर काढ," हाइनी म्हणाला,
"बघणाऱ्याला घर आठवलं पाहिजे
आणि कुणाला नावं ठेवायला जागा नको."
नावं ठेवणं हा फेरो बेटांवरचा
मासळीनंतरचा मोठा धंदा.

काढलं मी.
डावीकडं दीपगृह, मागं डोंगर,
डोंगराच्या डोक्यावर ढगाचं टोपडं, जे उतरलेलं मी पाहिलं नाही,
आणि उजवीकडं, खाली, धक्क्याला लागून
ट्रोंदुरची निळी होडी,
जिचे पोपडे मी शाळेत जाता-येता मोजायचे.

मग नियमांची वही आली. एकशे बारा पानं.
चिप इथं: दीपगृह गेलं.
दीपगृह सरकवलं तर डोंगराच्या पोटात शिरलं.
जाळ्याचं चिन्ह उजव्या कोपऱ्यात,
आणि त्याच्याभोवती एवढी मोकळी जागा
की पाद्रीणबाईंच्या बाकाशेजारीही आम्ही एवढी सोडत नाही.

चिन्हं दोन, कार्ड एक.
एक डेन्मार्ककडचं, घरगुती.
वाण्याकडं, फेरीवर, न्हाव्याकडं चालतं,
दुकानदाराचं त्यात कमी जातं
म्हणून तो ते हातात मायेनं घेतो.
दुसरं दर्यापारचं. लिस्बनच्या हॉटेलातही ओळख देतं
आणि ओळख दिल्याचे पैसे कापतं.
सुन्नेवा आत्याला मी हे अर्धा तास समजावलं.
विणकामावरची नजर न काढता ती म्हणाली,
"म्हणजे एक शेजारी. एक व्याही."
एकशे बारा पानांत इतकं नेमकं
मला काही सापडलं नव्हतं.

पण कुठला व्याही, ते ठरेना.
एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं,
की तिरकी चार अक्षरं?
बँक सोमवारी एकाशी बोलायची, गुरुवारी दुसऱ्याशी.
चार महिने माझी होडी
कधी वर्तुळांखाली बुडाली, कधी अक्षरांखाली.
वर्तुळं बरी होती.
त्यांच्या वरच्या खाचेतून डोलकाठीचं टोक दिसायचं,
बुडणाऱ्याच्या बोटासारखं.
अक्षरांनी तेही ठेवलं नाही.

अक्षरं जिंकली.
सुंदर म्हणून नव्हे,
टक्क्याच्या कुठल्याशा दशांशावर.
हाइनीनं मला केक पाठवला, त्यावरही बंदर.
मी होडी खोडली नाही.
चिन्हाच्या खालच्या थरात, जिथं कुणी जात नाही,
ती तशीच बांधून ठेवली. दोरीसकट.

फेब्रुवारीत, बंदरावरच्या दुकानात,
ट्रोंदुर माझ्यापुढं रांगेत.
दोरखंडाचं वेटोळं, एक डबा ग्रीस, ज्येष्ठमधाच्या गोळ्या.
नवं कार्ड त्यानं डोळ्यांपासून लांब धरलं,
मग जवळ, मग पुन्हा लांब.
"धक्का आहे. माझी होडी कुठाय?"
मागच्यांनी ऐकलं. अर्थातच.
"अक्षरांमागं," मी म्हणाले.
त्यानं नखानं अक्षरं खरवडून पाहिली,
कार्ड खिडकीकडं तिरपं केलं,
सकाळी उठून आभाळ बघतात तसं.
"ऑफिसातल्या पोरीला दोरी बांधता येते का?"
"येते."
"हं."

यंत्र म्हणालं: कार्ड आत घाला.
यंत्र म्हणालं: थांबा.
आकडे दाबताना त्यानं दुसरा पंजा आडवा धरला,
त्या पंजाखाली डोंगर गेला, ढग गेला,
अख्खं बंदर गेलं, दोन्ही चिन्हांसह.
कुणी पैसे दिले, शेजाऱ्यानं की व्याह्यानं,
ते ना त्यानं विचारलं, ना यंत्रानं सांगितलं.
मंजूर.

कार्ड पाकिटात गेलं, डोंगर खाली, पाणी वर.
दोरखंड खांद्यावर टाकून तो धक्क्याकडं निघाला.
दारातून मला होडी दिसली.
तिला त्यानं हिरवा रंग दिला होता.