एका खुणेची चार ठिकाणं

समुद्रपूर फाट्याच्या अलीकडे,
जिनिंगच्या बंद पडलेल्या गोदामात
आम्ही हात उभा केला.
चाकणहून ट्रकात आडवा पडून आलेला,
केशरी रंग कोपरापाशी खरवडलेला,
दुसऱ्या कुणाकडे सहा वर्षं राबलेला.
त्याच्यासमोर फिरतं टेबल.
टेबलावर थ्रेशरच्या पंख्याची जाळी ठेवायची,
टेबल फिरेल, हात टाके मारेल.
कोटेशनात तरी असंच लिहिलं होतं.

पण हाताला टेबल दिसत नाही.
आंधळ्याला अंगण सांगावं तसं सांगावं लागतं:
मध्य इथे, अक्ष असा, इतका कललेला.
एवढं सांगायला मला नऊ दिवस लागले.

टेबलाच्या कडेला पंचने एक टिंब मारलं.
हाताच्या टोकाला दाभणासारखा पॉइंटर.
शून्यावर टेकवला, आकडे वहीत घेतले.
नव्वद फिरवलं. टिंब तेच, जागा निराळी.
एकशेऐंशी.
दोनशेसत्तर.
टोक आणि टिंब यांच्या मधे
तंबाखूच्या पुडीचा पातळ कागद:
सहज सरकला तर लांब,
फाटला तर घुसलं,
नुसता अडखळला की बरोबर.

तीन जागांतून वर्तुळ निघतं,
चौथी जागा साक्षीला.
माझा चौथा साक्षीदार रोज फुटायचा.

गिअरचा झोल असेल म्हणून
टेबल खुणेवर एकाच बाजूने आणलं.
पुढे गेलं तर मागे ओढायचं नाही,
आख्खा फेरा मारून पुन्हा यायचं.
पत्रा तापतो म्हणून
पहाटे पाचला येऊन आकडे घेतले.
तरी सोमवारचा मध्य गुरुवारी
अर्धा मिलिमीटर सरकलेला,
उत्तरेला, बुटीबोरीकडे,
जणू त्यालाही तिकडेच नोकरी हवी होती.

गोदामाची राखण कवडूबाबा वांढरेंकडे.
जन्मभर बंडीची चाकं केलेला माणूस.
चाक खरं उतरलं का बघायला
ते धावेजवळ एक खिळा रोवायचे
आणि चाक फिरवून ऐकायचे.
कुर्र. गप्प. कुर्र.
माझ्या डायलचा काटा थरथरताना पाहून म्हणाले,
"हे घड्याळ बी थेच करते.
फक्त मुकं हाय."

मग टॉर्च खाली वळवला.
"टेबल कायच्यावर उभं हाय?"
काँक्रीटवर.
"अन् काँक्रीट?"

हात एका चौथऱ्यावर, टेबल दुसऱ्यावर,
मधे करंगळी जाईल एवढी भेग.
"काळी हाय पोरी. मे महिन्यात सुकते, मृगात फुगते.
तू शंभरावा भाग मोजून रायली,
थे वीतभर हालते."

मॅन्युअलमध्ये बेस हा शब्द ठळक अक्षरात आहे.
बेस म्हणजे जे हलत नाही ते,
बाकी सगळं त्याच्यापासून मोजायचं.
ज्यांनी ते लिहिलं
त्यांच्या खाली कापसाची जमीन नसावी.

हिंगणघाटच्या भंगारातून चॅनेल आणले,
पुलाचे असावेत, रिव्हेटची भोकं होती.
चौकट जोडली, दोघांनाही तिच्यावर आवळलं.
आता जमीन हललीच
तर हात आणि टेबल मिळून हलतील,
एकमेकांना कळणारही नाही.
मालक म्हणाले, अजून दोन दिवस गेले.
मी म्हटलं, हो, गेले.

शनिवारी पहाटे पुन्हा चार ठिकाणं.
कागद चारदा अडखळला.
चौथा साक्षीदार तीन शतांशाच्या आत
तेच बोलला जे पहिले तिघे बोलले होते.
आकडे भरले. पडद्याने विचारलं,
या चौकटीला नाव काय द्यायचं?
आठ इंग्रजी अक्षरांची मुभा.
मी कवडू टाकलं. दोन घरं रिकामी राहिली.

बाबांना दाखवलं, त्यांना वाचता आलं नाही,
त्यांनी टेबलाला कान लावला.

पहिली जाळी निघाली.
सतरावा टाका हुकला.
तो दोष वायरचा होता, मध्याचा नाही,
हे मी मालकांना
दोनदा सांगितलं.