चार सेंटिमीटर

दिगंबर खंदारे, वय एकाहत्तर,
उदगीर नगरपालिकेतून रिटायर व्हॉल्व्हमन,
काल दुपारपासून थेंब नाही.
बेंबीपर्यंत चढलेली मूत्रपिशवी
बोटानं ठोकली तर कलिंगडागत बोलली.

"सिस्टर, येऊच नाय लालंय."
सून पडद्याबाहेरून म्हणाली,
नळ सोडून बघा, आवाजानं येतं म्हणे.
सोडला. नळ नुसता खाकरला.
"आज ह्या भागाचा दिवस न्हाई,"
कॉटवर कळवळत, तरी हिशोब पक्का,
"गुरुवारी येईल."

एकतीस वर्षं या माणसानं
लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर टाकून
गल्लोगल्ली झाकणं उघडली.
कुठं किती आटे फिरवायचे
हे कुठल्या कागदावर नव्हतं,
मनगटात होतं.

माणूस घाबरला की मी बोलत राहते.
हातमोजे घालता घालता सांगत गेले:
काका, पिशवीच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह असतो,
तो आपल्याला विचारत नाही.
त्याच्याखाली गाठ, अक्रोडाएवढी,
वाट तिच्या पोटातून जाते.
तुमची झालीय मोसंबीएवढी. पाइप फुटला नाही, दबलाय.
मग बोटभरही नाही अशा जागेत दुसरा व्हॉल्व्ह,
हा मात्र आपला.
आई पायांवर बसवून शूऽऽ करायची ना,
तेव्हा कधीतरी त्याची चावी आपल्या हाती आली.
मग वळण, मग सरळ बाहेर.
वीस सेंटिमीटर.

"म्हंजी वीतभर. अन् त्यात दोन कोपरे?
गाळ कोपऱ्यालाच बसतो, सिस्टर."

हीच वाट लेकराबाळांचीही,
तेव्हा वरचा व्हॉल्व्ह आपोआप मिटतो,
हे मी सांगितलं नाही. बाहेर सून होती.

जेली सोडली. थांबले.
वर उभं धरलं, तसं धरल्यानं खालचं वळण मोडतं.
त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.
लाज कुठल्याच आकृतीत काढलेली नसते,
पण नळी आधी तिलाच अडते.

मग खरोखरच अडली.
जोर करायचा नसतो. आतलं अस्तर फाटतं,
वण धरतो, वाट कायमची चिंचोळी होते.
मोठा श्वास घ्या, काका.
"आटा बसला तर रेटू नये," ते भिंतीला म्हणाले,
"जरा उलटं घ्यावं. मंग सुलटं."
मी तेवढंच केलं.

आणि सुटलं.

बाराशे मिली, वेळ तीन दहा, मी लिहिलं.
फुग्यात दहा मिली पाणी भरलं, सीलबंद बाटलीतलं.
डोळे मिटूनच त्यांनी विचारलं,
"कोणत्या गल्लीचं सुटलं?"
पडद्याबाहेर सून हसली, मग नाक ओढलं.

माझी वाट चार सेंटिमीटर.
गाठ नाही, कोपरा नाही,
बाहेरून येणाऱ्याला दमावं लागत नाही.
बाईंनी फळ्यावर काढली तेव्हा
मागच्या बाकावरून कुणी म्हणालं, एवढीच?
एवढीच.
तिच्यात मी आजवर बसवलंय
स्टँडवरचं कुलूप,
शाळेतलं बिनदाराचं संडास,
नळेगावच्या एसटीतले दीड तास,
पाणीच कमी प्यायची युक्ती
(ती आईनं शिकवली, ती अंधार पडायची वाट बघायची),
आणि वर्षातून दोनदा ती जळजळ,
मिरचीच्या हातानं कुणी डोळा पुसावा तशी.
वीस सेंटिमीटर अडलं की अख्खा वार्ड उठतो.
चार सेंटिमीटर जळतं
तेव्हा बाई उठून चहा ठेवते.

सात तास झाले होते.
स्टाफच्या संडासाला कुलूप,
चावी मेट्रनच्या कपाटात,
कपाटाची चावी मेट्रनच्या पर्समध्ये,
पर्स अहमदपूरला, लग्नात.
मी पाय बदलत उभी राहिले असेन,
कारण कॉट नंबर नऊवरून आवाज आला,
"सिस्टर, कुलपाच्या नादी लागू नका.
कोयंड्याचे स्क्रू बघा. चारच असतेत."

मी कात्री घेतली, टॉर्च घेतला.
तिसरा गंजलेला होता.