दोन मिलिमीटर

मातोझिन्योशच्या डबाबंद माशांच्या कारखान्यात
मला ठेवून घेतलं तेव्हा
माझ्याकडे एकशे चाळीस फॉन्ट होते
आणि मत एकही नव्हतं.
काल ज्याला बक्षीस मिळालं
ते मला आज आवडायचं.
सार्डिनच्या डब्यासाठी मी लिहिलं,
‘अथांग सागराची अस्सल चव’.
मालक अमादेऊ म्हणाले, वा!
सही केली, जेवायला गेले.

लिओनिल्द डबे गुंडाळत राहिली.
एकोणचाळीस वर्षं तेच:
कागद, डबा, चार घड्या, अंगठ्याचा एक दाब.
तिनं माझा कागद उजेडाला धरला,
मासा घेताना कल्ला उचलून बघावा तसा,
आणि विचारलं, “कुठला सागर?
ही बोट इल्दाच्या मेव्हण्याची.
अथांग कसली,
पहाटे पाचला धक्क्याला लागते.”

बायका हसल्या.
मीही हसलो, घराची किल्ली सापडेपर्यंत.

त्या रात्री पहिल्यांदा
आम्ही जे विकतो ते मी उघडून खाल्लं.
उभ्यानं, ओट्याशी, तेलात पाव बुडवून.
कणा जिभेवर खडूसारखा विरला
आणि अगदी शेवटी, कुठून कोण जाणे,
लवंग आली.
तीन आठवडे मी चवीबद्दल लिहीत होतो
आणि लवंगेचा मला पत्ता नव्हता.

मग एक खण भरू लागला.
संत्र्यांभोवतीचे चुरगळलेले पातळ कागद.
एका न्हाव्याचं दरपत्रक,
ज्यात दाढीपेक्षा मिशी मोठ्या अक्षरात.
बद्धकोष्ठावरच्या चहाचा डबा,
इतका देखणा की आजार व्हावासा वाटे.
आणि बंद खानावळीच्या दारावरची चिठ्ठी,
चोरली नाही, नुसती उतरवून घेतली:
‘आई गेली. बुधवारी उघडतो. सूप असेल.’
सहा शब्द.
बुधवारी मी गेलो. रांग होती.

नाक मुरडायला मात्र मी फार लवकर शिकलो.
हे भडक, ते शिळं, हे तर कुणाचं तरी उचललेलं.
त्यालाच मी रुची समजत होतो.
लिओनिल्द म्हणाली, “नाक तर
आपल्या दारातलं मांजरही मुरडतं.
तुला काय आवडलं ते सांग.
आणि का.”
जेवणाची सुट्टी संपली तरी
मला सांगता आलं नाही.

पुढच्या हंगामाला मी एक कागद केला.
पिवळा. वर बोटीचं नाव,
खाली मासे पकडल्याची तारीख,
कोपऱ्यात नखाएवढी लवंग.
अमादेऊंनी तो उलटा करून पाहिला,
मागे काही लिहिलंय का म्हणून.

छापला गेला तो दुसराच:
काळा चष्मा घातलेला, हसरा मासा.
तोही माझाच,
शुक्रवारी संध्याकाळी चिडून काढलेला.
तो खपला. अजून खपतो.
विमानतळावर त्याचे पायमोजे मिळतात.
त्याच्याच पैशांत मी दात बसवून घेतले,
तेव्हा तक्रार करायला
मला तोंड नाही.

लिओनिल्द निवृत्त झाली त्या दिवशी
पिवळ्या कागदाचे उरलेले नमुने मी तिला दिले.
केकचे हात तिनं एप्रनला पुसले,
एक डबा घेतला.
चार घड्या, अंगठा.
मग डबा डोळ्यांसमोर धरून
बराच वेळ काही बोलली नाही.
बोटीच्या नावातलं शेवटचं अक्षर
घडीत अडकत होतं.
“दोन मिलिमीटर डावीकडे,” ती म्हणाली
आणि बस पकडायला गेली.

सगळे गेल्यावर मी वर आलो, दिवा लावला,
आणि कुणीही न मागितलेला तो कागद
दोन मिलिमीटर
डावीकडे सरकवला.