उभ्या सायकली

दीड खोली, माणसं चार, सायकली तीन.
अस्मारात एवढं चालतंच.
पण ज्वारीच्या पिठाचं पोतं आलं त्या दिवशी
लेतेब्रहान उंबऱ्यातच थबकली. म्हणाली,
आता एक तर सायकली आडव्या होतील, नाहीतर आपण.

मग मी त्यांना उभं केलं.
भिंत इटालियनांच्या वेळची,
खिळा मारावा तर मूठभर चुना हातात.
दोन हुक कसेबसे टिकले,
त्यांना पोरांच्या सायकली पुढच्या चाकाने लटकल्या.
तिसरी, झेरायची, जुनी, लोखंडी,
मागच्या चाकावर उभी केली,
सीट आणि हँडल भिंतीला टेकवून,
फाटक्या ट्यूबच्या पट्टीने खिडकीच्या गजाला बांधून.
शाळेत उशिरा आलेलं पोर
भिंतीला पाठ लावून उभं राहतं, तशी.

बावीस वर्षं ही सायकल मी पुसतोय.
साखळी, रिम, मडगार्ड.
सांभाळ, एवढंच म्हणून भाऊ सरहद्दीवर गेला होता.
पोटाखाली कधी पाहिलं नव्हतं.
कोण पाहतं?

दुपारी गोल खिडकीतून ऊन आत आलं
आणि पेडलांच्या मधोमध, तेल साकळलेल्या जागी,
खिळ्याने ओरखडलेली सहा अक्षरं वर आली.
झेरायचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.
हे मात्र बसून, सावकाश लिहिलेलं.
लेतेब्रहान.

ती मागे कॉफीच्या बिया भाजत होती.
धूर घ्यायला तवा माझ्यापुढे धरला,
मी धूर घेतला. छान आहे म्हणालो.

ती खाली पाणी आणायला गेली तेव्हा
सायकल फिरवली. चाकं भिंतीला, पोट भिंतीकडे.

रात्री जेवताना ती म्हणाली,
टायरचे डाग पडतात चुन्यावर.
आधी होती तशीच बरी होती.
मी तिच्याकडे पाहिलं.
ती धाकट्याच्या ताटातली मिरची उचलून
आपल्या बाजूला घेत होती.

आधी होती तशी ठेवली.
भिंतीवर दोन काळे डाग राहिलेत,
एक गुडघ्याशी, एक डोक्याच्या वर.
लिंबाने घासले. जात नाहीत.

रविवारी खाली रस्त्यावर शर्यत असते,
सगळी गल्ली बाहेर.
धाकटा ट्यूबची गाठ सोडायला हात घालतो
आणि आम्ही दोघं, दोन कोपऱ्यांतून,
एकदम बोलतो:
ती नको. जड आहे.